आधी ग्राइंडर, मग मशीन
दहा हजारांचं एस्प्रेसो मशीन (दाबाने दाट कॉफी काढणारं) घेतलंत, शॉट (एका वेळी काढलेली छोटा कपभर कॉफी) आंबट आणि पाणचट येतोय, आणि आता मशीनच बदलू का, असं विचारताय. राहू द्या हो ते. पैसे ग्राइंडरवर घाला.

मीही वर्षभर मिक्सरमध्ये कॉफीच्या बिया दळल्या. अर्धी पूड मैद्यासारखी, अर्धी रव्यासारखी. पाणी रव्यातून वाट काढून पळतं, मग आंबट नाही तर काय होणार? हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (दोन दातेरी चकत्यांमध्ये बिया एकसारख्या दळणारा) चालेल, पण एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा हवा.

मशीनसोबतची दुहेरी तळाची बास्केट (पूड भरायची वाटी, खाली एकच भोक असतं ती) जाड फेस देते, पण तो फसवा. साधी बास्केट घ्या. छोट्या ५१ मिमीच्या बास्केटमध्ये १४ ग्रॅम पूड, कपात २८ ग्रॅम कॉफी, वेळ २५ ते ३० सेकंद. कप वजनकाट्यावरच ठेवा, डोळ्यांना फेस फसवतो. १५ सेकंदांत भरला तर ग्राइंडर एक खूण बारीक करा. थेंब थेंब पडून कडू लागला तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला.

खोक्यावरच्या '१५ बार'ला (पाण्याच्या दाबाचा आकडा) भुलू नका, ९ पुरतात.

आणि चिकोरीवाली (भाजलेल्या मुळाची पूड मिसळलेली) पूड नको, प्लीज. चिकमंगळूरच्या ताज्या भाजलेल्या बिया घ्या, पाकिटावर भाजल्याची तारीख बघून.