मदत हवी आहे: पुणे–सुपे–बारामती–वीर, सायकलवर, कच्च्या रस्त्याने साधारण २५० किमी, आपलं आपणच

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जण बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड) करणारे, पण डांबराचा आणि हायवेवरच्या ट्रकांचा आता कंटाळा आलाय, म्हणून डिसेंबरात स्वतःच एक ग्रॅव्हल, म्हणजे कच्च्या रस्त्यांचा, लूप करायचं ठरवतोय. फी नाही, मेडल नाही, टी-शर्ट तर अजिबात नाही. जीपीएक्स फाइल (रूटचा डिजिटल नकाशा) सगळ्यांना द्यायची, ठरल्या वेळी निघायचं आणि ज्याची सोय त्यानं बघायची. टूर डिव्हाइड ही सायकल शर्यत अशीच चालते ना, कॅनडातल्या बॅन्फपासून पार मेक्सिकोच्या बॉर्डरपर्यंत ४,००० किमीच्या वर, तरी एंट्री फी नाही की बक्षीस नाही, आणि वाटेत जे कुणालाही विकत मिळेल तेवढंच घ्यायचं, घरच्यांनी मागून गाडीत डबा आणायचा नाही. तोच नियम आम्ही लावणार आहोत.

रूट असा: दिवे घाट पहाटे अंधारात (तेवढं डांबर टळत नाही), सासवड, जेजुरी, पुढे वाड्यावस्त्यांच्या मुरमाड रस्त्यांनी मोरगाव, सुप्याच्या माळरानाच्या कडेनं बारामती, आणि परतताना नीरा डाव्या कालव्याचा सर्व्हिस रोड धरून माळेगाव, कोऱ्हाळे, सोमेश्वरनगर, नीरा, वीर धरण, मग सासवड आणि घर.

आता अडतंय कुठे ते सांगते. कॅनॉलचा रस्ता मॅपवर सलग दिसतो पण सॅटेलाइटवर मध्येच झाडोरा दिसतोय, तर तो सायकल जाण्याइतका मोकळा आहे का, आणि जलसंपदा खात्याची परवानगी लागते का की गावकऱ्यांसारखं आपणही गुपचूप जायचं?

दुसरं म्हणजे टायर. ग्रुपमध्ये एक हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) आहे २.२ इंची टायरची, माझी ग्रॅव्हल बाइक ४० एमएमवर ट्यूबलेस, आणि एक भिडू ३८ एमएमच्या हायब्रिड सायकलवर ट्यूब घालूनच येणार म्हणून हटून बसलाय, वेड्या बाभळीच्या काट्यांपुढे त्याचं काय होईल ते मला दिसतंय पण माझं ऐकत नाही, तुम्हीच सांगा.

आणि वेळेची मर्यादा किती ठेवावी? बीआरएमला ३०० ला २० तास असतात, तोच हिशेब २५० च्या कच्च्या रस्त्याला पुरेल का?

प्रतिसाद १

ताई, बेत मस्त आहे, पण लूप उलटा फिरवा. तुमच्या क्रमानं कॅनॉल संध्याकाळी येतो, डिसेंबरात सहाला अंधार पडायला लागतो आणि त्या रस्त्याला कठडा नाही, एका बाजूला सरळ पाणी. शिवाय कारखाने चालू असतात, उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर समोरून येतात, मागचा लाईट बहुतेकांना नसतोच. वीरवरून सकाळी कॅनॉलला लागलात तर दुपारी बारामती. आणखी एक, कॅनॉलला उतार जवळजवळ नसतो त्यामुळे पायडल मारणं थांबवताच येत नाही, घाट परवडला पण हे नको असं बूड म्हणायला लागतं, मधून मधून उभं राहून चालवा. परवानगीचं म्हणाल तर पाटबंधारेच्या स्थानिक शाखेत एक साधा अर्ज देऊन ठेवा, वाटेत कुणी हटकलं तर पोच दाखवता येते.

हायब्रिडवाल्याला म्हणावं खुशाल ये, फक्त ट्यूबमध्ये सीलंट (बारीक पंक्चर आतूनच बुजवणारं द्रव) भर आणि दोन जादा ट्यूब घे. तुमचंही सीलंट जुनं असेल तर बदला, आपल्याकडच्या उन्हात ते काही महिन्यांत वाळून जातं.

प्रतिसाद २

सगळे टायरबद्दल बोलतायत पण खरी भीती काळ्या मातीची आहे. आदल्या दिवशी अवकाळीची एक सर जरी पडली तरी चिखल टायर आणि फोर्कच्या मध्ये असा गच्च बसतो की चाक फिरतच नाही, आणि यात जाड टायरवाला आधी अडकतो कारण त्याच्याकडे जागाच कमी उरते. तेव्हा जोर लावून रेटू नका, डिरेलरचा हँगर (मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) तुटतो. सायकल उचलून गवताच्या कडेनं चालायचं, खरवडायला बांबूची चपटी काडी जवळ ठेवायची. मुरमाला हा त्रास नाही, म्हणून पाऊस झालाच तर शेतातले शॉर्टकट सोडून सरळ डांबर धरायचं हे आधीच ठरवून टाका.

सुप्याला मयूरेश्वर अभयारण्याच्या आत ट्रॅक टाकू नका, वनखात्याचं गेट आहे. बाहेरच्या गाडीवाटा पुरेशा आहेत, पण थंडीत लांडग्यांची पिल्लं असतात, अंधार पडल्यावर माळावर नको. धनगरांचा वाडा दिसला की सायकलवरून उतरून चाला, कुत्री पळत्या सायकलच्याच मागे लागतात.

वेळ २० तासच ठेवा.

मूळ धागाकर्ती

दोघांचेही आभार. लूप उलटा केला. पहाटे चारला निघून सासवडवरून थेट वीर, म्हणजे सुपं उजेडात होईल आणि मोरगावपासून पुढे डांबर. फक्त मग रात्री दिवे घाट ट्रकांसोबत उतरावा लागतोय, सासवडवरून बोपदेव घाटानं उतरलेलं बरं का? रात्री कुणी अलीकडे उतरलंय का तिथून?