गच्चीवरच्या ग्रुपवर डोनोव्हन

सेक्रेटरी: ११ जूनपासून फुटबॉलचा वर्ल्डकप आहे. गच्चीवर प्रोजेक्टर लावायचा का ते कळवा. बऱ्याच मॅचेस आपल्याकडं रात्री उशिरा नाहीतर पहाटे आहेत, त्यामुळं आवाज कमी ठेवावा लागेल.

बी-३०१ काकू: प्रोजेक्टर लावा नाहीतर काहीही लावा. आधी सांगा, उद्या टँकर किती वाजता?

सेक्रेटरी: सात वाजता काकू. आधी ए विंग, मग तुमची.

बंटी: टीमच्या याद्या यायल्यात. माझं सरळ मत आहे, जुन्या खोडांना घरी बसवा. नाव मोठं म्हणून २६ मधली एक जागा कशाला अडवून ठेवायची?

आण्णा (ए-१०४): जुनं खोड कुणाला म्हणायलास रे?

बंटी: तुम्हाला नाही आण्णा! फुटबॉलचं बोलायलोय.

आण्णा: बरं. क्रिकेटात असं करून दाखवा म्हणावं, मग बघू.

क्रीडा मॅडम (सी-१०२): बंटी, २०१४ ला अमेरिकेनं हेच केलं होतं. लँडन डोनोव्हन माहितीय का?

बंटी: नाव ऐकलंय मॅडम. गॅलेक्सी क्लबवाला ना?

क्रीडा मॅडम: तोच. तेव्हा अमेरिकेकडून सगळ्यात जास्त गोल त्याचेच होते, ५७. २०१० ला अल्जेरियाविरुद्ध भरपाई वेळेत त्यानं गोल मारला म्हणून अमेरिका पुढच्या फेरीत गेली, नाहीतर त्याच दिवशी गाशा गुंडाळायचा होता. चार वर्षांनी कोच होता जर्मनीचा युर्गन क्लिन्समन. ३० जण कॅम्पला बोलावले, त्यातले ७ कमी करायचे होते. २२ मे ला यादी आली आणि त्यात डोनोव्हन नाही! वय ३२, म्हणजे म्हातारा म्हणावा असंही नाही. कोचचं म्हणणं, बाकीचे त्याच्यापेक्षा थोडे पुढं आहेत. आणि यादीत १८ वर्षांचा ज्युलियन ग्रीन, ज्याच्या नावावर सीनियर टीमची जेमतेम एक मॅच.

बी-२०२ दादा: मग? साखळीतच गेले का घरी?

क्रीडा मॅडम: नाही. जर्मनी, पोर्तुगाल, घानाच्या गटातून बाद फेरीत पोचले. तिथं बेल्जियमकडून जादा वेळेत २-१ हरले. त्यातला अमेरिकेचा एकुलता गोल ग्रीनचा.

बंटी: झालं की मग! कोचच बरोबर निघाला.

क्रीडा मॅडम: दम धर. घानाविरुद्धच्या पहिल्याच मॅचला अर्ध्या तासाच्या आत जोझी आल्टिडोरची हॅमस्ट्रिंग गेली. तो स्पर्धेत परत उतरलाच नाही. त्याच्यासारखा दुसरा नव्हता, मग डेम्प्सीला पुढं एकट्याला झुंजवलं. बेल्जियमच्या मॅचला ०-० असताना, नव्वद मिनिटं संपून गेल्यावर वोंडोलोव्स्कीला गोलच्या तोंडाशी बॉल मिळाला. त्यानं वरून घालवला. तिथं डोनोव्हन असता तर, यावर तिकडची माणसं अजून भांडतात.

आण्णा: आत्याबाईला मिशा असत्या तर!

क्रीडा मॅडम: म्हणूनच मी निकालावरून बोलतच नाही आण्णा. निकाल दोन्हीकडून वापरता येतो. माझा आक्षेप वेगळाय. डोनोव्हननं २०१३ च्या सुरुवातीला खेळातून सुट्टी घेतली, कंबोडियाला वगैरे फिरून आला. तेव्हा वर्ल्डकपच्या पात्रता मॅचेस चालू होत्या. कोचला ते रुचलं नाही. पण त्याच वर्षी गोल्ड कपला, म्हणजे तिकडच्या देशांच्या स्पर्धेला, त्याला घेतलं, अमेरिकेनं तो जिंकला आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू डोनोव्हनच ठरला. म्हणजे आधी दार लावलं, मग उघडलं, मग ऐन वर्ल्डकपच्या तोंडावर परत लावलं. मनात सुट्टीचाच राग होता असं मला वाटतं. तसं असेल तर २०१३ लाच तोंडावर सांगायचं होतं.

आण्णा: मुंडावळ्या बांधून झाल्यावर नवरदेव बदलल्यासारखं झालं की हे.

बी-३०१ काकू: 😂😂

बंटी: पण मॅडम, फॉर्म कॅम्पलाच कळणार ना? वर्षभर आधी कसं ठरवायचं?

क्रीडा मॅडम: फॉर्मवर ठरवलं म्हणतोस तर एका मॅचच्या पोराचा कोणता फॉर्म बघितला? स्पेन बघ. राऊल कॅप्टन, ४४ गोल, तेव्हा देशात सगळ्यात जास्त. सप्टेंबर २००६ ला उत्तर आयर्लंडकडून हरले आणि कोच लुईस आरागोनेसनं त्याला परत बोलावलंच नाही. लोकांनी शिव्या घातल्या, पेपरवाले तुटून पडले, म्हातारा हलला नाही. पण त्या पावणेदोन वर्षांत त्यानं व्हिया आणि तोरेस यांची जोडी बसवली. २००८ च्या युरोत राऊलचा ७ नंबर व्हियाच्या पाठीवर होता आणि स्पर्धेत सगळ्यात जास्त गोलही त्याचेच. फायनल जिंकून देणारा गोल तोरेसचा. राऊलची जागा रिकामी राहिलीच नाही.

बी-२०२ दादा: २००२ चा रोमारियो पण आहे. वय ३६, पत्रकारांसमोर रडला बिचारा. कोच स्कोलारीनं तरी नेलं नाही, आणि ब्राझील कप घेऊन आलं.

क्रीडा मॅडम: हो. पण स्कोलारीकडं रोनाल्डो होता. गुडघ्यापायी दोन वर्षं गेलेला माणूस, त्याच्यावर डाव लावला आणि त्यानं ८ गोल मारले. रोमारियो नको, इतकंच नव्हतं त्याच्या डोक्यात.

बी-२०२ दादा: मग आपल्या सुनील छेत्रीचं काय म्हणाल? जून २०२४ ला कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोपाची मॅच. नऊ महिन्यांत परत बोलावला, चाळिशीत, आणि मालदीवविरुद्ध गोल पण मारला. खालिद जमील कोच झाल्यावर मध्य आशियातल्या काफा नेशन्स कपला त्याला नेलं नाही, तर ओमानला पेनल्टीवर हरवून आपण तिसरे! लगेच ऑक्टोबरला सिंगापूरविरुद्धच्या एशियन कप पात्रता मॅचेससाठी परत बोलावला.

आण्णा: आणि एशियन कपला गेलो का?

बी-२०२ दादा: नाही. सिंगापूरनं गोव्यात येऊन हरवलं.

क्रीडा मॅडम: तिथं दोष छेत्रीचाही नाही न् जमीलचाही नाही. ९५ गोल मारणारा माणूस वीस वर्षं खेळला, तेवढ्यात दुसरा नऊ नंबर, म्हणजे गोल मारणारा स्ट्रायकर, तयार झाला नाही. २०२४-२५ च्या आयएसएल लीगमध्ये भारतीयांत सगळ्यात जास्त गोल कुणाचे? त्याचेच, १४. कोचनं यादी करायची तर कुणाची? गारखेड्याच्या संकुलात जिल्ह्याची टीम काढताना मलाही पोरं वगळावी लागतात. यादी वाचायच्या आधी त्या पोराला बाजूला घेऊन सांगते, तुझ्या जागी अमुक आहे, कारण तमुक. रडतं, घरी जातं. पण दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिसला येतं.

सेक्रेटरी: टँकर उद्या साडेसातला येणार. ड्रायव्हरचा फोन होता.

बी-३०१ काकू: साडेसात म्हणजे नऊ.

आण्णा: मॅडम, एक शंका. स्पेनच्या म्हाताऱ्याला पावणेदोन वर्षं मिळाली. सगळ्याच कोचला कुठं मिळतात? तो जर्मन आला असंल घाईत, करायचं काय त्यानं?

क्रीडा मॅडम: क्लिन्समन जुलै २०११ पासून कोच होता आण्णा. जवळजवळ तीन वर्षं.

आण्णा: मग माझं काही म्हणणं नाही.