लेसरने चष्मा घालवावा की नाही?

प्रश्न: माझे वय 27 असून दोन्ही डोळ्यांचा उणे 6 नंबर दोन वर्षांपासून स्थिर आहे. संगणकावरील कामामुळे डोळे कोरडे पडतात. तपासणीत कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याची) जाडी 505 मायक्रॉन आली. लॅसिक, म्हणजे कॉर्नियाला लेसरने आकार देऊन नंबर घालवणारी शस्त्रक्रिया, शक्य असल्याचे डॉक्टर सांगतात, तरी मन धजावत नाही. काय विचारात घ्यावे?

उत्तर 1: आकडेमोड आपणही करून पाहावी. एक नंबर उतरवण्यासाठी कॉर्नियाचा साधारण 12 ते 15 मायक्रॉन थर काढावा लागतो, म्हणजे आपल्या बाबतीत 72 ते 90. शिवाय त्याआधी उचलला जाणारा कॉर्नियाचा वरचा पापुद्रा सुमारे 110 मायक्रॉनचा असतो. खाली तीनशेहून थोडा अधिक भाग उरतो, जो चालण्याजोगा असला तरी पुढे पुन्हा दुरुस्ती करण्यास फारशी जागा ठेवत नाही. पीआरके या दुसऱ्या लेसर पद्धतीत पापुद्रा नसल्याने जाडी वाचते. मात्र सुरुवातीचे दिवस वेदनादायक असतात व नजर उशिरा स्थिरावते. जाडीइतकाच कॉर्नियाचा नकाशा, म्हणजे त्याच्या आकाराचे मोजमाप, महत्त्वाचा आहे. त्यात केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका आली, तर लॅसिकचा विषय तिथेच थांबवावा.

उत्तर 2: कोरडेपणावर आधी उपचार घ्यावेत, कारण पापुद्रा कापताना कॉर्नियातील नसा तुटून पुढील काही महिने कोरडेपणा वाढू शकतो. आपण कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का? त्या पुरेसे दिवस बंद ठेवल्याशिवाय केलेले मोजमाप विश्वसनीय नसते.

प्रश्नकर्ती: आदल्या दिवसापर्यंत वापरत होते, तसे कोणी विचारलेही नाही. नकाशा पुन्हा काढून घेते.

उत्तर 3: चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागू शकतो, हे जाहिराती ठळकपणे सांगत नाहीत.