संदेष्टे म्हणजे केवळ भविष्यवेत्ते होते का?

प्रश्न : बायबलच्या जुन्या करारातील हिब्रू संदेष्ट्यांच्या (देवाचा संदेश लोकांना सांगणाऱ्यांच्या) ग्रंथांत भविष्यकथनच शोधावे, की आजच्या काळाशी त्यांचा आणखी काही संबंध लागतो?

उत्तर १ : त्यांचा रोख भविष्यापेक्षा वर्तमानावर अधिक आहे. इ.स.पू. आठव्या शतकातील तकोव्याचा मेंढपाळ आमोस, माप लहान करून खोट्या तराजूने धान्य विकणाऱ्या आणि पायताणांच्या एका जोडासाठी गरिबाला विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांना धारेवर धरतो. उत्तरेकडील इस्राएल राज्यातल्या बेथेल या देवस्थानाचा याजक (पुरोहित) अमस्या मात्र त्यालाच दक्षिणेकडील यहूदा राज्यात चालते व्हायला सांगतो. (राजाश्रयी याजकाकडून दुसरी अपेक्षा ती काय करावी?)

उत्तर २ : सहमत. न्याय जलौघाप्रमाणे वाहावा, ही आमोसचीच प्रतिमा मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ साली वॉशिंग्टनच्या भाषणात वापरली होती.

प्रश्नकर्ता : मापाचा तपशील माझ्या नजरेतून निसटला होता, आमोसच्या ग्रंथाचा आठवा अध्याय पुन्हा वाचतो.