बेसमेंटच्या पिटचा वास सोमवारीच का मारतो?

तळघर_त्रस्त:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. एका ऑफिस बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो. खालच्या बेसमेंटची टॉयलेट्स आणि पॅन्ट्री बाहेरच्या ड्रेनेज लाइनपेक्षा खाली आहेत, म्हणून तिथलं सगळं सांडपाणी आधी एका पिटमध्ये येतं आणि तिथून दोन सबमर्सिबल पंप ते वर ढकलतात. तर गेले काही महिने सडक्या अंड्यासारखा वास येतोय, आणि गंमत म्हणजे तो पंप रूममध्ये कमी आणि लिफ्ट लॉबीत जास्त, त्यातही सोमवारी सकाळी लोक यायला लागले की अगदी नाक धरायची पाळी. पिट दोनदा साफ करून घेतला, वास मारायचं लिक्विड ओतलं, लॉबीत सुगंधी मशीन लावलं. आता गुलाब आणि गटार दोन्हींचा वास एकदम येतो. पंप व्यवस्थित चालतात. अजून काय बघू?

गुलाबजल_नको:
आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला 😄 मशीन आधी बंद करा, वास कुठून येतो तेच कळणार नाही.

पंपवाला:
सोमवार सांगितलात तिथेच निम्मं उत्तर आलं. शनिवार-रविवार पिटमध्ये पाणी येतं पण थोडंच, फ्लोट (पाण्याबरोबर वर येऊन पंप सुरू करणारा तरंगता स्विच) उचलला जात नाही, म्हणून पंप सुरूच होत नाही. तेच पाणी दोन दिवस पडून राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो आणि मग बिनऑक्सिजनचे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, तुमचा सडक्या अंड्याचा वास तो हाच. सोमवारी सगळ्यांचे फ्लश एकदम सुरू झाले की पाणी घुसळलं जातं आणि विरघळलेला गॅस भसकन बाहेर पडतो.
पंप कुठल्या लेव्हलला सुरू होतो ते मोजा. दीड बाय दीड मीटरचा पिट असेल तर दर १० सेंटीमीटरला २२५ लिटर होतात, म्हणजे फ्लोट मीटरभर वर बांधला असेल तर सव्वादोन हजार लिटर शिळं पाणी तुम्ही सांभाळून ठेवताय. बसवणारे लोक फ्लोट वर बांधतात कारण पंप कमी वेळा सुरू व्हावा. तो खाली घ्या, फक्त बंद व्हायची लेव्हल पंप कंपनीने दिलेल्या किमान पाण्याच्या खाली नको आणि तासाला किती वेळा स्टार्ट चालतात तेही त्यांच्याकडूनच बघून घ्या. शिवाय शुक्रवारी संध्याकाळी पंप हाताने चालवून पिट रिकामा करा, त्याला काही खर्च नाही.
एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) पण तपासा. तो गळत असेल तर पंप बंद झाला की उभ्या पाइपातलं पाणी परत खाली येतं, तेच पाणी वर-खाली फिरत राहतं आणि बाहेरून सगळं ठीकच दिसतं.

हवेची_दिशा:
पंपवाल्या भाऊंचं बरोबर आहे पण ते वास तयार कसा होतो ते सांगतायत, तो लॉबीत का जातो ते वेगळं. पिट श्वास घेतो असं समजा. दोन हजार लिटर पाणी आत आलं तर तेवढीच हवा बाहेर जायला हवी, आणि तिच्यासाठी छतापर्यंत नेलेला व्हेंट पाइप असतो. तो कुठे आडवा जाताना मध्येच खचला असेल तर खोलगट भागात पाणी साचून तो बंद होतो, मग हवा झाकणाच्या फटीतून येणार नाही तर काय करणार. त्यात बेसमेंटचा एक्झॉस्ट फॅन हवा ओढतो, पण ताजी हवा आत यायला वाट कमी असेल तर तो पिटमधलीच ओढतो. टिश्यू पेपरची पट्टी पंप रूमच्या दाराच्या फटीपाशी धरा, फॅन चालू आणि बंद करून दोन्ही वेळा कुठे झुकते ते बघा.
अजून एक, पंप रूममध्ये कुणी न वापरणारा फ्लोअर ड्रेन असेलच. त्याच्या ट्रॅपमधलं (वास अडवायला पाणी धरून ठेवणारा वाकडा भाग) पाणी वाळलं की तिथून थेट गटाराची हवा येते. बादलीभर पाणी ओता, वर थोडं तेल, म्हणजे लवकर वाळत नाही.

तळघर_त्रस्त:
पट्टी सरळ लॉबीकडे झुकली राव! झाकणाच्या बारापैकी पाच बोल्ट गायब आहेत, गॅस्केट (झाकणाखालची रबरी पट्टी) कडक होऊन चिरलंय आणि पंपाच्या केबलचं भोक तर मूठ जाईल एवढं उघडं. मागच्या दोन सफाईत कुणी परत बंदच केलं नाही. व्हेंटवर कार्बन फिल्टर बसवतो असं एकजण म्हणतोय, बसवू का?

पंपवाला:
आत्ता नको. हवा व्हेंटमधून जातच नसेल तर फिल्टर काय गाळणार, उलट अडथळा वाढेल. छतावर वास येतो अशी तक्रार आली तर मग. हा गॅस बनू नये म्हणून पाण्यात कॅल्शियम नायट्रेट वगैरे सोडतात, ते डोसिंगही लेव्हल नीट केल्यावरच बघा.

सेफ्टी_फर्स्ट:
कृपया कुणी पिटमध्ये वाकून बघू नका, उतरणं तर दूरच. हा गॅस हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) नाकच बधिर होतं, माणसाला वाटतं वास गेला. गॅस मीटर, ब्लोअर आणि प्रशिक्षित माणसं असल्याशिवाय झाकण उघडू नका. एक खाली पडला म्हणून दुसरा वाचवायला उतरतो आणि दोघेही जातात. पंपाच्या पॅनलमधल्या तांब्याच्या तारा काळ्या पडल्यात का तेही बघा, पडल्या असतील तर गॅस बराच काळ गळतोय.

तळघर_त्रस्त:
तारा काळ्या आहेत 😐 पॅनल आता रूमबाहेर हलवतोय. झाकण नवीन गॅस्केटने बंद केलं, केबलला सील बसवली, फ्लोट ४० सेंटीमीटर खाली घेतला. या सोमवारी लॉबीत वास नव्हता. व्हेंटचा आडवा तुकडा फॉल्स सीलिंगच्या वर आहे, तो उघडायची परवानगी अजून मिळायचीये.