नरक्या : रोपांची संख्या आणि जनुकीय विविधता

रोपवाटिकेत हजारो रोपे तयार करून लावली की नरक्या हे औषधी झाड वाचेल, हे मत मला अपुरे वाटते. चिनी वृक्षातून 1966 साली वेगळे केलेले कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य पुढे सह्याद्रीतल्या या लहानशा, उग्र वासाच्या फुलांच्या झाडातही सापडले. त्यापासून आतड्याच्या आणि बीजांडकोशाच्या कर्करोगावरील औषधे बनतात, म्हणून मागणी वाढली आणि झाडे तोडली जाऊ लागली.

मात्र एकाच जंगलात शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांतही या द्रव्याचे प्रमाण सारखे नसते. हा फरक काही अंशी वयाचा आणि जागेचा असला, तरी काही अंशी तो आनुवंशिक आहे, आणि तोडणीत मोठी, बी धरणारी झाडे आधी जातात. मग उरलेल्या विखुरलेल्या झाडांमध्ये जवळच्या नात्यातलाच संकर होत राहतो आणि दुर्मिळ जनुके पिढीगणिक गळत जातात.

नरक्याच्या पिकलेल्या जांभळ्या फळात एकच बी असते. सोयीच्या एका झाडाखालून टोपलीभर बिया वेचल्या, तर त्या सगळ्या रोपांची आई एकच. फांदीच्या तुकड्यांपासून केलेली रोपे तर हुबेहूब एकसारखीच. म्हणून महाबळेश्वर, कोयना, आंबोली अशा प्रत्येक ठिकाणच्या, एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक झाडांचे बी वेगवेगळ्या पिशव्यांत, नोंदीसह गोळा करावे आणि शक्यतो त्याच परिसरात परत लावावे, असा माझा आग्रह आहे.