शिफारसपत्र : तरुण पियानोवादिकेसाठी संगीतकारानं काय लिहावं?

कोमलऋषभ
मी संगीतरचना करते. माझी नवी सोनाटा (अनेक भागांची वाद्यरचना) जिनं पहिल्यांदा मैफलीत वाजवली, ती १९ वर्षांची मुलगी पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करतेय. पत्र मी द्यायचंय. मर्यादा एक पान, मुदत शुक्रवार. तिसऱ्या भागात ती चार बार, म्हणजे स्वरलिपीतले चार छोटे तालखंड, विसरली. पण डावा हात थांबू दिला नाही आणि नेमक्या जागी परत आली. हे लिहू का?

सवाईश्रोता
अजिबात नको! 'विसरली' एवढंच समितीच्या लक्षात राहील. माझ्या भाच्याचं पत्र चार पानी होतं, लगेच प्रवेश. चार पानं लिहा.

कोमलऋषभ
एकच पान चालतं हो.

जुनीपेटी
चार पानांना अनुमोदन. विसरल्याचं गाळा. नामवंत संगीतकार फ्रान्झ लिस्टच्या १८६८च्या पत्रामुळे तरुण नॉर्वेजियन संगीतकार ग्रीगला सरकारी प्रवासवृत्ती मिळायला मदत झाली. नाव मोठं असलं की झालं.

कोमलऋषभ
माझं नाव लिस्ट नाही, हीच तर अडचण.

तिरकसताल
संगीतकार शूमाननं तरुण संगीतकार ब्राम्सला केलं तसं सरळ 'असामान्य प्रतिभा' म्हणून टाका.

पायपेडल
अवांतर : शूमानचं ते पत्र नव्हे, १८५३चा छापील लेख. आणि एवढ्या जाहीर स्तुतीनं लोकांच्या अपेक्षा भलत्याच वाढतील, असं विशीतल्या ब्राम्सनंच त्याला कळवलं होतं.

तिरकसताल
लेख काय, पत्र काय. शिफारस ती शिफारस.

गजाननव्हे
माझ्या सरांनी आदल्या वर्षीचंच पत्र उचललं, वरचं नाव तेवढं बदललं. मी पियानोवाला, आणि आत 'व्हायोलिनच्या गजावर उत्तम ताबा'! पाठवण्याआधी मोठ्यानं वाचा.

शुद्धलेखनी
'पियानोवादिका' की 'पियानिस्ट'? वादक म्हटलं तरी पुरे.

तिरकसताल
झालं, धागा भरकटला.

मंद्रसप्तक
प्रवेशाची पत्रं बरीच वर्षं वाचलीत म्हणून सांगते. विशेषणं सगळ्यांचीच सारखी असतात. ओळख कधीपासूनची, रचना किती दिवसांत बसवली, तुम्ही ऐनवेळी केलेला बदल तिनं कसा घेतला, हे लिहा. बोटांच्या तयारीबद्दल तिचे शिक्षक लिहितीलच. तुमच्या कागदावरच्या खुणांशी ती कशी वागते, हे फक्त तुम्हालाच ठाऊक. विसरल्याचं मात्र मीही लिहिलं नसतं. पत्र गोपनीय मागितलं असेल तर तिला न दाखवता थेट पाठवा.

सवाईश्रोता
तेच मी म्हणत होतो. चार पानं.

कोमलऋषभ
सगळ्यांचे आभार. पाठवलं. सोनाटा बारा दिवसांत बसवली, आणि माझ्या हस्तलिखितात लिहायचा राहून गेलेला एक बेकार (सूर पुन्हा मूळ, शुद्ध करणारी खूण) तिनं दाखवून दिला, हे घातलं. विशेषण एकही नाही. विसरल्याचं लिहिलंच, तेच पहिल्या परिच्छेदात. त्या चार बारांत डाव्या हातानं तिनं जे जुळवलं, ते माझ्या मूळ बारांपेक्षा बरं होतं. आता छापील प्रतीत तेच ठेवलंय, हेही कळवलं. सव्वा पान झालं, टंक बारीक केला.